सतरा नंबरच्या आधी

"ताई, याचं काही खरं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका." मुलगा किंवा मुलगी नववीत गटांगळ्या खायला लागली, की आईला शाळेत बोलावून हे वाक्य ऐकवलं जातं. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींनी ते ऐकलं असेल! सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. सोय मुळात चांगली आहे. मध्येच शाळा सुटलेल्या बाईला, कामाला लागलेल्या पोराला पुन्हा परीक्षा देता यावी म्हणून ती केलेली आहे. पण शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणूनही ती वापरली जाते. आणि हा रस्ता ज्यांना दाखवला जातो, त्यांतली काही मुलं आळशी नसतात, वांड नसतात, 'ढ' तर मुळीच नसतात. त्यांना वाचता येत नाही, कारण अक्षरं ओळखण्याची, जुळवण्याची त्यांच्या मेंदूची रीत वेगळी असते. हे तिसरीत लक्षात यायला हवं. नववीपर्यंत कुणी बघतच नाही.

न बघण्याला एक सोयही झाली होती. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली ती २०२३-२४ पासून. नापास न करणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. लहान लेकराला नापासाचा शिक्का मारून काय साधणार? पण नापास होत नाही म्हणून त्याला काय येतं तेही बघायचं नाही, हा आपल्याकडचा शोध. मूल वरच्या वर्गात जात राहतं आणि आईला वाटतं, चाललंय की बरं.

ही मदत म्हणजे मुख्याध्यापकांचा मोठेपणा नव्हे, हे आपल्याला कुणी सांगत नाही. अपंगत्वाचा जुना, १९९५ चा कायदा सात प्रकार मानायचा. त्यात अंध होते, कर्णबधिर होते, मतिमंद होते. पण डोळे-कान शाबूत, बोलण्यात चुणचुणीत आणि तरीही वाचता येत नाही, अशा मुलाला त्यात जागाच नव्हती. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नताही आली. कलम १६ म्हणतं, मुलाची अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणं आणि त्यावर उपाय करणं हे शाळेनं करायचं आहे. शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो, की नुसती मान्यता असलेली टायवाली इंग्रजी शाळा असो. कलम १७ मध्ये शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी आहे, परीक्षेला जादा वेळ आहे, लेखनिक आहे, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. आणि कलम ३१ प्रमाणे चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत, मोफत शिकायचा हक्क आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत थोडी बढाईही मारता येते. कायद्यात नाव यायच्या कितीतरी आधी, १९९६ पासून, आपल्या राज्यानं अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. पण तपासणी कुठं? मुंबईतल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं त्यासाठी नाव होतं. तिकडच्या मुलांना जादा वेळ मिळू लागला, तेव्हा आमच्या लोहारा-उमरग्याकडची गावं १९९३ च्या भूकंपातून अजून पुरती उभीही राहिली नव्हती. इथली कोण आई मूल कडेला घेऊन रात्रीच्या गाडीनं शीवला जाणार होती? मग २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' आला. घराघरातल्या बायका रडल्या आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द कळंब-परंड्यापर्यंत पोचला. माझी त्या सिनेमाबद्दल एकच तक्रार आहे. त्यात चांगले सर भेटतात आणि सगळं मार्गी लागतं. प्रमाणपत्रासाठी रांगेत उभी राहिलेली आई काही त्यात दिसत नाही.

मराठीत हे दिसतं कसं, ते आधी बघू. सिनेमात आणि पुस्तकांत इंग्रजी अक्षरं उलटी होतात. आपल्याकडं ध आणि घ यांत घोटाळा होतो, भ आणि म यांत होतो, ट आणि ठ यांत होतो. वेलांटी गळते, मात्रा भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'कमळ' वाचेल, पण 'पुस्तक' आलं की गाडी अडली. जोडाक्षर म्हणजे चढणीचा घाटच. पाढे आज पाठ, उद्या कोरी पाटी. हिशेब तोंडी विचारा, दुकानदाराला फसू देणार नाही. तोच वहीत मांडायला सांगा, आकडेच उलटेपालटे. आणि मुलींच्या बाबतीत एक खास गोष्ट. त्या फळ्यावरचं सगळं उतरवून घेतात, तेही सुंदर अक्षरात, समास सोडून. बाई वहीवर सही करतात, 'छान' लिहितात. तेच वाचून दाखव म्हटलं, की मुलगी खाली मान घालून बसते. मुलगा असेल तर वैतागून खोड्या काढतो, म्हणून निदान नजरेत तरी भरतो. गप्प बसणारी मुलगी सहावी-सातवीपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही.

पहिलीत सगळीच मुलं असं करतात, तेव्हा लगेच घाबरून जायचं कारण नाही. तिसरीतही तेच चाललं असेल, मूल आठ वर्षांचं झालं असेल, तर मात्र थांबू नका. सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही शाळेनं चाळणी लावायची ती तिसरीत किंवा आठव्या वर्षी, आणि प्रमाणपत्र द्यायचं ते आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, असंच म्हटलं आहे.

त्याआधी डोळे आणि कान. हे इतकं साधं आहे, की कुणी करत नाही. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुलं मी बघितली आहेत. चष्मा लागला आणि पोरगं वाचायला लागलं. दुसरी गोष्ट भाषेची. उमरग्याच्या सीमेवरच्या गावांत घरात कन्नड बोलतात, तांड्यावर गोरमाटी बोलतात. त्या लेकराला पहिलीची मराठी हीच परकी भाषा असते. तिसरी गोष्ट ऊसतोडीची. भूम, वाशी, परंडा, कळंब इकडून टोळ्या निघाल्या, की मुलंही कोयत्याबरोबर जातात आणि शाळेचं निम्मं वर्ष फडात जातं. वर्गात बसायलाच न मिळालेल्या मुलाला अक्षमता आहे असं म्हणणं हा अन्याय आहे. पण उलटंही घडतं बरं का. "ते ऊसतोडीचं आहे, त्याला कसं येणार," असं म्हणून खरोखर अडचण असलेल्या मुलाकडंही काणाडोळा होतो. म्हणून तर तपासणी हवी, अंदाज नको. आणि मराठीत चाचणीच नाही असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती २०१५ पासून आहे आणि हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा चार भाषांत आहे. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला लावून त्याची परीक्षा घेतली, तर उत्तर चुकीचंच येणार.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आमच्या बचत गटातली एक जण, तिची मुलगी सहावीत. मुलगी घरचं सगळं करते, धाकट्या भावाला सांभाळते, टीव्हीवरची मालिका बघून सगळा भाग जसाच्या तसा सांगते. वाचता मात्र येत नव्हतं. आई स्वतः सातवी शिकलेली. तिनं नवस बोलून झाला होता, अंगारा लावून झाला होता, शिकवणी लावून झाली होती. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात राहून नवसाला मी कशाला नाही म्हणू? पण तिला म्हटलं, नवसाबरोबर एक अर्जही देऊ. मग त्या अर्जामागं आम्ही दोघी किती हिंडलो ते आमचं आम्हाला माहीत.

शाळेत आधी तोंडी सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "घरी जरा लक्ष द्या." तेच लेखी दिलं, पोच मागितली, तेव्हा मुख्याध्यापकांनी चष्मा लावून कागद वाचला. अर्ज तालुक्याच्या गट साधन केंद्रात गेला. हे केंद्र पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं असतं आणि समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तिथूनच शाळांवर फिरतात. आमच्याकडं आलेल्या विशेष शिक्षिका चांगल्या होत्या. कंत्राटी नोकरी, कितीतरी शाळा गळ्यात, तरी त्या मुलीजवळ तासभर बसल्या. त्यांनीच सांगितलं की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज 'स्वावलंबन'च्या संकेतस्थळावर भरायचा, जून २०२१ पासून प्रमाणपत्र तिथूनच निघतं, हातानं लिहिलेलं चालत नाही. सेवा केंद्रात गेलो तर आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळेना. एका काना-मात्रेसाठी महिना गेला. वाचता न येणाऱ्या मुलीचं काम सरकारी कागदावरच्या काना-मात्रेनं अडावं, याला काय म्हणायचं! तुम्ही निघायच्या आधी ही नावं नक्की जुळवून घ्या.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या. उमरग्याची बाई नळदुर्ग, तुळजापूर करत येते, परंड्याची बार्शीवरून येते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे या कामात फार उपयोगी पडलं. पण तिकीट अर्धं झालं तरी रोज पूर्णच बुडतो. खुरपणीचे तीनशे रुपये, एका फेरीला एक रोज, आणि फेऱ्या चार. कारण एका दिवशी डोळे-कान होतात, बालरोगतज्ज्ञ बघतात. बुद्ध्यांकाची चाचणी वेगळ्या दिवशी. वाचन-लेखनाच्या चाचणीसाठी तर आम्हाला शेजारच्या जिल्ह्यात जावं लागलं. या तपासणीला बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा तसाच प्रशिक्षित माणूस, अशी तिघं लागतात, आणि तिघं एका दिवशी एका ठिकाणी सापडणं हा आमच्यासारख्या भागात योगच म्हणायचा. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख वस्तीचा हा जिल्हा, आठ तालुक्यांचा. २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. २०२२ पासून इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. ही तिघं माणसं महिन्यातल्या ठरलेल्या वारी इथं एकत्र बसली आणि तो वार प्रत्येक केंद्रशाळेच्या फळ्यावर लिहिला, तरी बायकांचे किती रोज वाचतील!

चाचणी घेणाऱ्या बाईंनी मुलीला चित्रं दाखवली, गोष्ट सांगायला लावली, मग वाचायला दिलं. बाहेर आल्यावर आईला म्हणाल्या, "हिच्या बुद्धीत काही कमी नाही. हिला वाचायला अडचण आहे, आणि ती खरी आहे." मला वाटलं आई आता हसेल. ती म्हणाली, "मंग इतकी वर्सं माझ्या लेकरानं मार कशापाई खाल्ला?"

बाईंकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. वर्गात मारणं २००९ च्याच कायद्यानं बंद केलंय हे त्या माउलीला तिथं सांगून काय उपयोग होता?

अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत सात महिने लागले. नियमात २०२४ साली जे बदल झाले, त्यांनुसार अर्ज आल्यावर तीन महिन्यांत प्रमाणपत्र द्यायचं आहे. म्हणून अर्जाची तारीख जपून ठेवायची. आणि कागद हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नका. आम्ही तो शाळेत नेऊन दिला, त्यांनी तो फाइलीला लावला. पुन्हा विचारावं लागलं: आता हिला शिकवणार कसं? अशा मुलासाठी वैयक्तिक आराखडा करायचा असतो. पुढच्या तीन महिन्यांत हिला काय यायला हवं, कोण शिकवणार, किती वेळ, आणि आलं की नाही ते कसं बघणार, एवढं एका पानावर लिहायचं. तो आराखडा मागून घ्या. त्याची एक प्रत घरी ठेवा. या मुलीला आता प्रश्न वाचून दाखवतात, शुद्धलेखनाचे गुण कापत नाहीत. विशेष शिक्षिका येतात तेव्हा जोडाक्षरांचं काम करून घेतात. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. ती अडखळतेच. पण हात वर करते, तोंडी उत्तर देते, आणि शाळेला जाताना पोटात दुखायचं ते थांबलंय.

सवलतींबद्दल थोडं सावध सांगते. राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुका धरत नाहीत. अध्ययन अक्षम मुलाला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घ्यायची सोयही आहे. ज्याला दोन अंकांची वजाबाकी जमत नाही त्याला ती वरदान आहे. पण गणित बरं येणाऱ्या मुलीनं केवळ मिळतेय म्हणून ती घेतली, तर पुढं विज्ञानाचं दार स्वतःच्या हातानं लावून घेतल्यासारखं होईल. जादा वेळ आणि लेखनिक यांनी भागत असेल तर आधी तेवढंच घ्या. आणि लेखनिक घेऊन लिहिण्याचा सराव वर्षभर लागतो. आपण बोलायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं हे पहिल्या पेपरला एकदम जमत नाही. बोर्डाचे फॉर्म सुटायच्या वेळी धावाधाव करणाऱ्या आयांना हे सगळं एका महिन्यात उरकायचं असतं. ते उरकत नाही आणि मग तोच सतरा नंबर.

आता घरातला विरोध. या मुलीच्या आजीचं म्हणणं होतं, "पोरीचं नाव असल्या यादीत घालता व्हय? उद्या पावणे बघायला आले तर काय सांगायचं?" या भीतीला हसू नये, आपल्याकडं ती पोकळ नाही. पण हिशेब नीट मांडला तर उलटा निघतो. प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवायची कुठं सक्ती आहे? शाळा सुटलेली मुलगी मात्र सगळ्या गावाला दिसते. आमच्या भागात नववीच्या वर्गात बसलेली मुलगी आणि नववीत शाळा सुटलेली मुलगी, वय एकच, पण दुसरीच्या लग्नाची बोलणी त्याच दिवाळीत सुरू होतात. अठरा वर्षांचा कायदा असो नसो. वाचता न येणारी मुलगी शाळेतून आपणहून गळते, कुणी काढत नाही, आणि तिचं गळणं घरच्यांच्या सोयीचं असतं. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना महिना २०० रुपये, वर्षातले दहा महिने, असा वेगळा प्रोत्साहन भत्ता ठेवलाय. रक्कम किरकोळ आहे. पण मुलींची गळती सरकारलाही ठाऊक आहे, एवढं त्यावरून कळतं.

मी वाचनाच्या अडचणीबद्दल जास्त लिहिलं, कारण ती दिसत नाही. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असलेल्या मुलांच्या आया तर याहून दमलेल्या असतात. त्यांच्यासाठी सुरुवात अंगणवाडीपासून आहे. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासायला येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, 'पाहुण्यांसमोर लाज आणतं' म्हणून तर मुळीच नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यात तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी शिकायची मुभा मिळाली. ती मुभा आहे, सक्ती नाही. शाळेत येऊ शकणाऱ्या मुलाला 'तुम्ही घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा.

आणि एक जात अशी आहे की जिच्यासाठी कुठलाच रकाना नाही. बुद्ध्यांक सत्तरच्या खाली गेला तर बौद्धिक अक्षमता. त्याच्या थोडं वर असेल तर? कायद्याच्या एकवीस प्रकारांत 'संथ' नावाचा प्रकार नाही. ही मुलं वर्गात सर्वांत जास्त सापडतात आणि त्यांच्या आयांना चार फेऱ्यांनंतर रिकाम्या हातानं परत यावं लागतं. त्यांना प्रमाणपत्र नसेना का, वैयक्तिक आराखडा करायला शाळेला कुणी अडवलेलं नाही. ते मागायला काय हरकत आहे?

१९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांना सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच शाळा काढली. त्यातून केवढी मोठी संस्था उभी राहिली. पण प्रत्येक आईनं शाळा काढावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. वाशीच्या बाईनं काय करायचं? तिच्यासाठी तर कायदा केलाय. तिनं कोरा कागद घ्यावा. मुलाचं नाव, इयत्ता, त्याला नेमकं काय येत नाही आणि काय चांगलं येतं, हे चार ओळींत लिहावं. 'दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १६ आणि १७ नुसार माझ्या पाल्याची तपासणी व्हावी व वैयक्तिक आराखडा मिळावा' एवढी ओळ घालावी. अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तिथं हा विषय मांडावा. एकटीला बोलायचा धीर होत नसेल तर गटातल्या दोघींना बरोबर न्यावं. महिनाभरात काही हललं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्याचे दिव्यांग आयुक्त. प्रत्येक ठिकाणी तीच प्रत, नव्या शिक्क्यासह.

शाळाही काही वेळा खरंच हतबल असते, ते मला दिसतं. एका शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग, त्यात सतरा ऑनलाइन माहित्या भरायच्या. विशेष शिक्षकच नसेल तर आराखडा कोण करणार? याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या ऑक्टोबरात निकाल दिला, आणि प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक, तर त्यावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरलं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. तुमचं गाव कोणत्या केंद्रात येतं ते शाळेच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तुमच्या केंद्रातली ही जागा भरली आहे का, भरली असेल तर त्या मॅडम किंवा सर कोणत्या वारी तुमच्या शाळेत येतात, हे मुख्याध्यापकांना विचारा. त्यांना वार सांगता आला नाही, तर तेही त्याच अर्जात लिहा.